आधी न्यूमोकोकस वाढवायला शीक

प्रश्न थोडक्यात असा: "मी एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, कल्याणला राहते. श्वसनमार्गाचे संसर्ग आणि त्यांवरच्या लशी, तेही गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी, यात संशोधन करायचंय. मी डॉक्टर नाही, एमडी नाही, त्यामुळे अडेल का? मुंबईत राहून हे जमतं, की परदेशीच जावं लागतं? आणि आईला भीती आहे की टीबीच्या जंतूंत काम करून मलाच काहीतरी होईल."

एमडी नसल्याने अडतं, पण तुला वाटतंय तिथे नाही. पेशंटच्या रिपोर्टवर सही कुणाची, विभागप्रमुख कोण होणार, अशा ठिकाणी अडतं. संशोधनाच्या बेंचवरचं बरंचसं काम एम.एस्सी., पीएच.डी. झालेली माणसंच ओढतात. लशीच्या चाचणीत अँटिबॉडी मोजणारे, सिरोटाइप (जंतूचा उपप्रकार) काढणारे, जिनोम वाचणारे बहुतेक जण एमबीबीएस नसतात. एम.एस्सी.च्या मुलामुलींचं खरं नुकसान वेगळंच आहे: ती वॉर्डात जात नाहीत. खिडकीतून नमुना आत आला की तिथून पुढचं त्यांचं जग, आणि या विषयात निम्मा खेळ खिडकीच्या पलीकडेच आटोपलेला असतो.

मी मुंबईतल्या एका सार्वजनिक इस्पितळाच्या लॅबमध्ये आणि नंतर वस्त्यांमधल्या संशोधन प्रकल्पांत काम केलं आहे. मला विचारशील तर लशीबिशी नंतर, आधी न्यूमोकोकस वाढवायला शीक. हे ऐकायला अगदीच किरकोळ वाटेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

न्यूमोकोकस, म्हणजे स्ट्रेप्टोकोकस न्यूमोनिए, हा न्यूमोनिया आणि मेंदूज्वर करणारा, फार नखरेल जंतू आहे. त्याला रक्त लागतं, थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड लागतो, आणि एवढं करूनही तो फार काळ जगत नाही. त्याच्यातच एक एन्झाइम असतं, ते त्याचीच भिंत विरघळवून टाकतं. शनिवारी दुपारी लावलेली ब्लड कल्चरची (रक्तातला जंतू वाढवून बघायची) बाटली सोमवारी सकाळी उघडली, तर बाटली गढूळ दिसते, ग्राम स्टेनमध्ये, म्हणजे जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की, काहीतरी अर्धवट दिसतं आणि प्लेटवर काहीच येत नाही. रिपोर्ट जातो 'नो ग्रोथ'. मूल न्यूमोकोकसनेच आजारी असतं, पण नोंदीत ते कधीच येत नाही.

मग रक्ताची गोष्ट. पुस्तकात मेंढीचं रक्त लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या कितीतरी लॅबमध्ये ब्लड बँकेतलं मुदत संपलेलं माणसाचं रक्त वापरतात, कारण ते फुकट मिळतं. त्या रक्तात देणाऱ्याच्या अँटिबॉडी असतात, सायट्रेट असतं, कधी औषधाचा अंशही असतो. त्यावर वाढ मरगळलेली येते आणि हिमोलिसिस, म्हणजे रक्तपेशी फुटल्याची खूण, धड वाचता येत नाही. शिवाय तंत्रज्ञाला संसर्गाचा धोका, तो वेगळाच. मेंढ्या पाळणाऱ्या एखाद्या संस्थेशी बोलून मानेच्या शिरेतून निर्जंतुक पद्धतीने काढलेलं रक्त मिळवणं, फ्लास्कमध्ये काचेचे मणी टाकून ते हलक्या हाताने फिरवत राहणं, फायब्रिनचा गुंता मण्यांभोवती जमला की उरलेलं रक्त प्लेटमधल्या आगार जेलीसाठी वापरणं, हे काम कुठल्याही पेपरमध्ये एका ओळीच्या वर लिहीत नाहीत. पण तुझ्या पेपरातला प्रत्येक आकडा या फ्लास्कवर उभा असतो.

कार्बन डायऑक्साइडचा इन्क्युबेटर नसला तर घाबरू नकोस. कँडल जारवर आजही उत्तम काम होतं. बरणीत प्लेटा उलट्या रचायच्या, ओल्या कापसाचा बोळा ठेवायचा, साधी पांढरी मेणबत्ती लावून झाकण घट्ट लावायचं. ती आपोआप विझते. (सुगंधी मेणबत्ती वापरणारे महाभागही मी पाहिलेत.) पावसाळ्यात मात्र डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. जून ते सप्टेंबर मुंबईच्या हवेत बुरशी इतकी असते की प्लेटा ओतायची खोली नीट सांभाळली नाही तर बॅचच्या बॅच फेकावी लागते. दुसऱ्या दिवशी प्लेट उजेडाकडे तिरकी धरून बघायची: भोवती हिरवट छटा, कडा उचललेली आणि मध्ये खळगा, कॅरमच्या सोंगटीसारखी वसाहत. मग ऑप्टोचिन या रसायनाची डिस्क लावायची. सहा मिलिमीटरच्या डिस्कभोवती चौदा मिलिमीटर किंवा त्याहून मोठा झोन (जंतू न वाढलेलं वर्तुळ) आला तर न्यूमोकोकस. कमी आला तर पित्तक्षारात विरघळतो का ते बघायचं. हे हातात बसायला एक पावसाळा तरी जावा लागतो.

आता खिडकीच्या पलीकडचं. मेंदूज्वराची शंका असलेल्या बाळाचं पाठीतलं पाणी रात्री काढलं जातं. लॅब बंद, किंवा असलेला एकटा माणूस दुसऱ्या कामात. ड्यूटीवरची सिस्टर काळजीने ती बाटली फ्रिजमध्ये ठेवते, कारण लघवीचा नमुना फ्रिजमध्ये ठेवायचा असं तिला शिकवलंय आणि ते बरोबरच आहे. पण पाठीतल्या पाण्यातले हिमोफिलस आणि मेनिंगोकोकस हे मेंदूज्वराचे जंतू थंडीत मरतात. ते पाणी आणि रक्ताची कल्चर बाटली फ्रिजमध्ये जाता कामा नये. यावर उपाय म्हणून मी तरी परिपत्रक काढत बसत नाही. वॉर्डातल्या फ्रिजच्या दारावर मोठ्या अक्षरांत मराठी-हिंदीत चिठ्ठी चिकटवायची आणि सिस्टर इनचार्जशी चहा प्यायचा. चिठ्ठी दर तीन महिन्यांनी बदलायची, जुनी झाली की ती कुणाला दिसत नाही.

त्याहून मोठी अडचण अँटिबायोटिकची. मुंबईत गोवंडी किंवा मालवणीसारख्या वस्तीत मूल धापा टाकायला लागलं की आधी गल्लीतला डॉक्टर, मग मेडिकलवाला, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोठं इस्पितळ. तोवर पोटात दोन प्रकारची औषधं गेलेली असतात. त्या रक्तात जंतू सापडणार कसा? त्यातून लहान बाळाचं रक्त मिळतं एक-दोन मिलिलिटर. थुंकी तर इतकी लहान मुलं काढतच नाहीत. आणि न्यूमोनिया झालेल्या बहुतेक मुलांच्या रक्तात जंतू मुळात नसतोच, तो फुप्फुसात असतो. म्हणजे सगळं नीट करूनही कल्चर पॉझिटिव्ह येतं ते थोड्याच मुलांत.

याचा परिणाम लॅबपुरता राहत नाही, म्हणून हे इतकं सांगितलं. 'आपल्या लॅबमध्ये सापडत नाही, म्हणजे आपल्याकडे फारसा नाही' असं म्हणणारी शहाणी माणसं मी बैठकांमधून ऐकली आहेत. अमेरिकेत न्यूमोकोकसची पहिली कॉन्ज्युगेट लस (जंतूच्या आवरणातली साखर प्रथिनाला जोडून केलेली) २००० साली आली. आपल्या सरकारी लसीकरणात ती आली २०१७ साली, तीही सुरुवातीला हिमाचल, बिहार, उत्तर प्रदेशातल्या काही भागांपुरती. देशभर पोहोचायला २०२१ उजाडलं. किंमत हे कारण होतंच, खासगीत एका डोसला काही हजार रुपये पडत. पण रोग कागदावर दिसत नव्हता, हेही होतं.

कागदावर दिसत नसलेला रोग मोजायचा कसा, याचं उत्तर दक्षिण आफ्रिकेतून आलं. या क्षेत्रातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच. जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोमध्ये शाबीर माधी, कीथ क्लुगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळजवळ चाळीस हजार बाळांवर नऊ सिरोटाइपच्या लशीची चाचणी केली. निकाल २००३ साली आले. एचआयव्ही नसलेल्या मुलांत एक्स-रेवर दिसणारा न्यूमोनिया सुमारे वीस टक्क्यांनी घटला. लशीने तर फक्त न्यूमोकोकसच अडतो. म्हणजे जो भाग घटला तो न्यूमोकोकसचा होता, कल्चर काहीही म्हणो. कल्चरला न दिसणारा रोग लस देऊन, न दिलेल्या गटाशी तुलना करून मोजला. २००४ साली त्याच चाचणीतून आणखी एक गोष्ट निघाली: श्वसनविषाणू सापडलेला आणि इस्पितळात भरती करावा लागलेला न्यूमोनियासुद्धा लस घेतलेल्यांत एकतीस टक्क्यांनी कमी होता. 'व्हायरल आहे' म्हणून आपण सोडून देतो त्यातल्या कित्येक मुलांत विषाणूने दार उघडलेलं असतं आणि न्यूमोकोकस आत शिरलेला असतो. २००५ साली गांबियातल्या चाचणीचे निकाल आले, तिथे तर सगळ्या कारणांचे मिळून बालमृत्यूच सोळा टक्क्यांनी घटले. मोठमोठ्या यंत्रांच्या जोरावर झालेलं हे काम नव्हे. प्रश्न नेमका विचारला होता, आणि कुठलं मूल कुठे राहतं, कधी भरती झालं याची नोंद चोख होती.

आणि तरीही प्लेट लागतेच. अमेरिकेतल्या त्या पहिल्या लशीत सात सिरोटाइप होते, त्यात १ आणि ५ नव्हते, कारण तिकडे ते महत्त्वाचे नव्हते. आफ्रिका-आशियात ते महत्त्वाचे होते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने दहा सिरोटाइपची न्यूमोसिल बनवली, तिला २०१९च्या डिसेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. तिच्यात १ आणि ५ आहेत, आणि ६ए व १९एसुद्धा. कुठला सिरोटाइप घ्यायचा आणि कुठला सोडायचा, हे गरीब देशांतल्या लॅबनी वर्षानुवर्षं साठवलेल्या जंतूंवरून ठरतं. उणे ऐंशीच्या फ्रीझरमधली ती कुपी कुणीतरी अशाच कंटाळवाण्या दिवशी भरलेली असते.

इथे एक विरुद्ध बाजू सांगायलाच हवी, नाहीतर तुला वाटेल लॅबशिवाय पान हलत नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्याने आपल्या 'सर्च' या संस्थेत काय केलं? गावातल्या आरोग्यदूतांना आणि दायांना मुलाचे श्वास मोजायला शिकवलं. श्वास ठरावीक संख्येच्या वर गेले की को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक द्यायचं. कल्चर नाही, एक्स-रे नाही. न्यूमोनियाचे मृत्यू घटले आणि तो अभ्यास १९९० साली लॅन्सेटमध्ये छापून आला. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला साठ, वर्षाच्या आत पन्नास, पाच वर्षांपर्यंत चाळीस, हे आकडे आजही आशाताईंना पाठ असतात. ज्या दिवशी तुला स्वतःच्या पीसीआरचा फार अभिमान वाटेल त्या दिवशी हे आठव. पण गोष्ट इथे थांबत नाही. पुढे न्यूमोकोकस को-ट्रायमोक्साझोलला मोठ्या प्रमाणावर दाद देईनासा झाला, आणि २०१४च्या मार्गदर्शक सूचनांत जागतिक आरोग्य संघटनेने अमॉक्सिसिलिनला पहिलं स्थान दिलं. औषध बोथट झालंय हे श्वास मोजून कळत नाही, ते डिस्कभोवतीच्या झोनवरून कळतं.

मुंबईत हे काम जमतं का? शहराचा वारसा म्हणशील तर चांगलाच आहे. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांवर तिची चाचणी केली. त्याची प्रयोगशाळा पुढे परळला गेली, तीच आजची हाफकिन संस्था. (आजची कुठलीही एथिक्स कमिटी तुरुंगातल्या त्या चाचणीला हो म्हणणार नाही, आणि म्हणूही नये.) केईएम, नायर, सायन, जेजे, कस्तुरबा ही सगळी लोकलच्या टप्प्यात. आजारी मुलांची, नमुन्यांची कमतरता इथे कधीच पडत नाही.

कमतरता पडते ती छेदाची. अंश सगळ्यांकडे असतो: 'आमच्याकडे इतकी मुलं आली'. किती मुलांपैकी आली? मोठ्या इस्पितळात ठाणे, पालघर, रायगडहून मुलं येतात, कुणी थेट उत्तर प्रदेशहून मामाकडे आलेलं असतं. दुसऱ्या बाजूने, तू वस्तीत घरोघर नोंदणी केलीस तर पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी गेलेली असते, बाळ तीन महिन्यांचं होऊन परत येतं, आणि लशीचा दीड महिन्याचा डोस कुठे, कधी, दिला की नाही, हे माहेरच्या कार्डावर. मे महिन्यात निम्मी गल्ली गावी. तुझा नऊ महिन्यांचा बूस्टर नेमका तेव्हाच. आखणी करताना हे धरलं नाहीस तर अभ्यास कागदावरच देखणा राहतो. छेद ठरलेला असला की काय होतं ते २०२० साली जुलैमध्ये दिसलं. पालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) यांनी शहराच्या तीन प्रशासकीय वॉर्डांत लोकांचं रक्त तपासलं: झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांत करोनाच्या अँटिबॉडी, बाहेर १६ टक्के. इस्पितळांत आलेल्या पेशंटच्या बेरजेतून हे कधीच कळलं नसतं.

वस्तीतलं काम म्हणजे संमतीचं काम. आजारी मुलाची आई सही करते, तिला पर्याय नसतो, म्हणून तिथे जास्त जपायला हवं. अवघड असते ती निरोगी मुलाची आई. न्यूमोकोकस रोग करण्याआधी नाकाच्या मागे घर करून राहतो, गरीब वस्त्यांत तर जन्मानंतर काही आठवड्यांतच. लशीने नाकातल्या जंतूचा हा मुक्काम कमी होतो, म्हणून लस न घेतलेल्यांचाही बचाव होतो. हे तपासायला धडधाकट मुलाच्या नाकात बारीक काडी घालावी लागते. शिवाजीनगरमध्ये एका आईने मला सरळ विचारलं होतं, "बच्चा तो अच्छा है, फिर नाक में काडी काहे को?" याचं प्रामाणिक उत्तर असं की तुमच्या बाळाला याचा काही फायदा नाही, पुढच्या मुलांना होईल, आणि काही सेकंद ते रडेल. मी तेच सांगितलं. तिने नको म्हटलं, आणि शेजारणीने हो म्हटलं. फायदा नसताना 'फुकट तपासणी' म्हणून नमुने गोळा करणारे प्रकल्प मी पाहिलेत, त्यात जाऊ नकोस. आणि एक व्यवहाराची गोष्ट: फॉर्मवर सही आईची असली तरी निर्णय कित्येकदा सासूचा असतो. दुपारी दोन ते चार या वेळात जा, दोघी घरी असतात.

गोवंडीचं नाव निघालंच आहे म्हणून: २०२२च्या शेवटी तिथून गोवराची साथ पसरली, मुलं दगावली. गोवरातला मृत्यू बऱ्याचदा न्यूमोनियाने होतो. लस तेव्हा नवी नव्हती, महागही नव्हती. करोनाच्या काळात डोस राहून गेले होते, काही घरांचा विश्वास उडाला होता. लशीवर संशोधन करायचं म्हणतेस तर हे सगळं त्यात येतं.

पुढच्या दहा वर्षांत काम कुठे आहे, तर एक, लशीनंतर कुठले सिरोटाइप डोकं वर काढतात यावर पाळत. अमेरिकेत सात सिरोटाइपच्या लशीनंतर १९ए वाढला होता. आपल्या न्यूमोसिलमध्ये ३, ४ आणि १८सी नाहीत, म्हणून तिकडे लक्ष ठेवायला हवं. दुसरं आरएसव्ही हा श्वसनविषाणू. बाळांच्या न्यूमोनियाचं ते फार मोठं कारण आहे, गरोदर आईला द्यायची लस आणि बाळाला द्यायची अँटिबॉडी दोन्ही आता जगात उपलब्ध आहेत. मुंबईत हा विषाणू पावसाळ्यात जोर धरतो, तेव्हा डोस कधी द्यायचा हे इथल्याच नोंदींवरून ठरवावं लागेल. टीबीवर वेगळं लिहावं लागेल, तो विषय या उत्तरात मावत नाही.

आता रस्ता. नेट-जेआरएफ किंवा आयसीएमआरची फेलोशिप काढ, म्हणजे पीएच.डी.चे पैसे स्वतःचे आणि गाइड निवडायची मोकळीक. प्रकल्पावरच्या नोकऱ्या पटकन मिळतात, पण कंत्राटावरच्या असतात आणि प्रकल्प संपला की त्याही संपतात. कुणी 'पुढे बघू' म्हणालं तर ते पत्रात मागून घे. पीएच.डी.च्या आधी एखादं वर्ष चालू ब्लड कल्चर बेंचवर काढ, पगार कमी असला तरी. आकडेशास्त्र स्वतः शीक, त्यासाठीचं 'आर' हे सॉफ्टवेअर फुकट आहे. जंतू कुठल्या औषधांना दाद देत नाहीत याच्या इस्पितळातल्या नोंदींसाठी हूनेट (WHONET) हे सॉफ्टवेअरही फुकट आहे आणि ते येणारी माणसं कमी आहेत. परदेशी जायचं तर पीएच.डी.नंतर, एखादं ठरावीक तंत्र शिकायला. ऑप्सोनोफॅगोसायटिक अॅसे (assay) ही चाचणी शिकून ये, लशीच्या चाचण्यांत अँटिबॉडी नुसती आहे का नाही, ती काम करते का, हे त्यावरून कळतं, आणि ते विश्वासाने करून देणाऱ्या लॅब थोड्या आहेत. 'परदेशी लॅबला नमुने पाठवणारी' एवढीच भूमिका देणारा करार मात्र नीट वाच. जंतू इथले, मुलं इथली, आणि पेपरात तुझं नाव सातवं, असं खूप होतं.

आईची भीती अनाठायी नाही. टीबीचं कल्चर साध्या बेंचवर करायचं नसतं, त्यासाठी वेगळी, हवेचा दाब नियंत्रित केलेली लॅब लागते. थुंकीची बाटली उघडायची ती बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये, एन-९५ नीट बसतोय ना हे तपासून. हिपॅटायटिस बीचे तीन डोस कामावर रुजू होण्याआधी पूर्ण कर, आणि सुरुवातीलाच छातीचा एक्स-रे काढून जपून ठेव. मुलाखतीला जाशील तिथे एकच गोष्ट विचार: कॅबिनेटचं शेवटचं सर्टिफिकेशन कधी झालं? तारीख सांगणारी लॅब असेल तर जा. उत्तर द्यायला कुणी घुटमळलं तर तिथे टीबीच्या नमुन्यांना हात लावणार नाहीस, असं आईला कबूल कर.